पाहुण्याने आधी वाचायचा कागद

२४ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

तुझं पत्र काल मिळालं. आठ वर्षांनी पाकिटावर तुझं अक्षर बघितलं आणि पहिला विचार आला, कोण गेलं? पाकीट फोडायच्या आधी उभ्या उभ्या पेलाभर पाणी प्यायले. मग कळलं की कुणी गेलेलं नाही, उलट तूच येते आहेस. अठ्ठावीस मार्चला, दुपारच्या गाडीने, आईला भेटायला.

आई बरी आहे. गुडघे धरतात. ऐकू कमी येतं, पण जे ऐकू येऊ नये ते बरोब्बर येतं. तिच्यासाठी म्हणून तू धावत यावंस असं काही नाही. शिवाय घराला रंग द्यायचं चाललंय, सगळं सामान मधोमध येईल, तुला झोपायला नीट जागा मिळणार नाही. पुढच्या वर्षी ये, चांगली महिनाभर ये.

वाचनालयाच्या माडीवरचं कविवाचन अजून चालू आहे. 'मी गेले की सहा महिन्यांत बंद पाडशील' असं तू म्हणाली होतीस. नाही पाडलं. अजूनही दर तिसऱ्या शनिवारी बाहेरगावचा पाहुणा कवी येतो, अजूनही बिस्किटांचा तोच चौकोनी डबा टेबलावर असतो, आणि तुझा नियमही तोच आहे: गावातल्या कुणीही निनावी कविता डब्यात टाकावी, पाहुण्याने त्यातली एक काढून आधी ती वाचावी आणि मगच स्वतःचं तोंड उघडावं. परवाचे पाहुणे भर माडीवर छत्री मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी डब्यात हात घातला, मग डबा उपडा केला, मग माझ्याकडे बघितलं. डबा रिकामा होता. मी म्हटलं, परीक्षा जवळ आल्यात, लोक अभ्यासात आहेत. ते म्हणाले, समोर बसलेल्यांत पन्नाशीच्या आतलं कोणी दिसत नाही. लोक हसले, पण हसणारेच मोजून बावीस होते. एरवी ऐंशी असतात.

वाचनालयात फोन करू नकोस, तो बिघडलाय. आणि येण्याचं खरंच पुढे ढकल.

तुझी धाकटी


५ मार्च, गुरुवार

ताई,

हे पत्र आपले बाइंडरकाका घेऊन जातायत. पुस्तकांचे पुठ्ठे आणायला ते दुसऱ्या गावी जातात, तिथल्या पेटीत टाकतील. इथल्या पेटीवर माझा विश्वास राहिलेला नाही.

तुझं उत्तर मिळालं. 'तिकीट काढलंय, रंगाचा वास मला चालतो.' तुझ्याशी खोटं बोलणं लहानपणीही जमलं नाही, आता काय जमणार. घराला रंग वगैरे काही नाही. फोनही बिघडलेला नाही. फोनच्या समोरच्या खुर्चीत रोज सकाळी दहापासून एक माणूस वर्तमानपत्र घेऊन बसतो आणि दुपारपर्यंत त्याचं पान उलटत नाही.

सांगते. सुरुवातीपासून सांगते, म्हणजे तू मधेच 'पण का?' विचारायला नकोस.

सप्टेंबरात धरणाचे दरवाजे उघडले आणि खालच्या वस्तीत पाणी शिरलं. नऊ माणसं गेली. तू पेपरात वाचलं असशील. चौकशी झाली, अहवाल आला: पाणी सोडण्याआधी चार वाजून दहा मिनिटांनी भोंगा वाजवला होता, वस्तीतल्या लोकांनी लक्ष दिलं नाही. म्हणजे मेले ते मेले, वर चूकही त्यांचीच.

त्या दिवशी कंट्रोलरूममध्ये ड्यूटीवर आमचे हे होते. सव्वीस वर्षं यांनी तिथल्या वहीत वेळ आणि पाण्याची पातळी लिहिलीये, एक खाडाखोड नाही. त्या दुपारी मोठ्या साहेबांचा फोन आला. घाटावर पाहुण्यांचा समारंभ चालला होता. साहेब म्हणाले, दरवाजे उघडा, पण भोंगा नको, लोक पळापळ करतील, थोडंच पाणी सोडायचंय. थोडं कसलं! हे 'हो साहेब' म्हणाले. संध्याकाळी साहेब स्वतः आले आणि वहीत भोंग्याची नोंद करायला लावली. यांनी केली.

घरी येऊन यांनी मला एवढंच सांगितलं. भोंग्याच्या पेटीची चावी खिळ्याला असते, तिला लाल फीत बांधलेली आहे. 'मी दिवसभर त्या फितीकडे बघत होतो,' म्हणाले. 'हात लांब केला असता तर पुरला असता.' नंतर चार महिने हा विषय घरात निघाला नाही. जेवताना हे भिंतीकडे बघतात, बाकी सगळं पूर्वीसारखं.

मी कविता लिहिली, ताई. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! छापील अक्षरांत काढली आणि जानेवारीत डब्यात टाकली. मला वाटलं, बारा-पंधरा कागदांत माझाच कशाला हाताला लागेल. पाहुण्या म्हणून एक परिचारिका आल्या होत्या, छान लिहितात. त्यांनी डब्यात हात घातला आणि माझाच काढला.

चार वाजून दहा मिनिटांनी
भोंगा वाजला, असं वहीत आहे.
चावी मात्र खिळ्यावर होती,
लाल फितीची गाठ तशीच,
आदल्या दिवशीच्या धुळीसकट.

पुढच्या आठ ओळी तुला आवडल्या नसत्या. ही पाच कडवी... नाही, या पाच ओळी तेवढ्या जमल्यात, आणि तेच नडलं. लिहितानाच मला कळत होतं की लाल फीत काढायला हवी. ती खोली आतून बघितलेल्या चार-पाच माणसांनाच ती माहीत आहे. दोनदा खोडली. खोडली की कविता बसकण मारायची. मग परत घातली. तूही घातली असतीस. लिहिणाऱ्या माणसाला चांगली ओळ टाकवत नाही, मग घर जळलं तरी चालेल.

वाचन संपलं. मग खालच्या वस्तीतल्या इस्त्रीवाल्या आजी उठल्या. त्यांचा मुलगा आणि सून त्या नऊ जणांत होते. त्या म्हणाल्या, "खरंय हो. मी दारातच बसले होते. काही वाजलं नाही." आणि परत बसल्या. हे तिसऱ्या रांगेत होते. त्यांनी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

घरी येऊन यांनी बूट काढले, ते शेजारी शेजारी नीट ठेवले आणि म्हणाले, "ती फीत मी फक्त तुला सांगितली होती."

तेव्हापासून माझी पाचावर धारण बसली आहे. दारावर थाप पडली की आई म्हणते कोण आलं बघ, आणि मला उठवत नाही. कविता कुणाची ते कळलं, की फितीचं कुणी सांगितलं ते कळायला एक मिनिट पुरेल. मोठे साहेब स्वतः अडकणार नाहीत, यांना अडकवतील. सही यांची आहे.

म्हणून येऊ नकोस. यापेक्षा जास्त विचारू नकोस.

धाकटी


१२ मार्च, गुरुवार

ताई,

गेल्या पत्रात मी सगळं सांगते म्हटलं आणि सगळं सांगितलं नाही. बाइंडरकाका उद्या सकाळी निघतात, तोवर हे लिहून व्हायला हवं. तीनदा सुरू केलं आणि तिन्ही कागद बंबात घातले.

जानेवारीच्या शेवटी चौकशीचे साहेब वाचनालयात आले. मी मनात त्यांना टाचणीसाहेब म्हणते. माझ्या टेबलावरच्या डबीतल्या टाचण्या काढून ते बोलता बोलता एका ओळीत मांडतात. आवाज अगदी मऊ. मला 'बाई' म्हणतात, 'अहोजाहो' करतात.

"कविता कुणाची, बाई?"

"निनावी असतात, साहेब. तोच तर नियम आहे."

"गावात लिहिणारे किती?"

"असतील बारा-चौदा."

"मग चौदा जणांना बोलावतो. एकेकाला. सकाळपासून बसवून ठेवतो. त्यात तुमचे ते निवृत्त हेडमास्तर आहेत ना, हृदयविकारवाले?" आणि चौदावी टाचणी ठेवून म्हणाले, "तुमचे मिस्टर पण धरणावरच असतात म्हणे."

मी म्हटलं, "माझ्या ताईची आहे ती."

हे मी केलं, ताई. तुझं नाव सांगितलं. सांगितलं की ती दूर असते, पूर्वी इथे हेच वाचन चालवायची, अजून पोस्टाने कविता पाठवते, मीच डब्यात टाकते. इतकं सुरळीत बोलले की माझं मलाच नवल वाटलं. हेडमास्तरांसाठी बोलले असं म्हणता येईल. यांच्यासाठी बोलले असंही म्हणता येईल. तू दूर आहेस, तुझ्यापर्यंत कोण पोचतंय, असंही वाटलं होतं. हे सगळं खरं आहे, पण आणखी एक आहे आणि ते लिहायलाच तीन कागद जाळले. तुझं नाव घेताना मला बरं वाटलं. आई पडली त्या वर्षी तू बॅग भरलीस आणि म्हणालीस, 'दोघींनी कुजण्यात काय अर्थ आहे.' तेव्हापासून आईची अंघोळ, आईची औषधं, आईची रात्रीची हाक, सगळं एकटीने केलं. म्हटलं, एखादी गोष्ट हिच्याही अंगावर पडू दे. एवढा विचार करायला मला किती वेळ लागला असेल? टाचणी ठेवायला लागतो तेवढा.

त्यांनी तुझं नाव लिहून घेतलं, पत्ता घेतला. विचारलं, "इकडे कधी येतात त्या?"

"कधीच येत नाहीत," मी म्हटलं. त्या सबंध दिवसात तेवढं एक वाक्य खरं बोलले.

आणि मग तुझं पत्र आलं. आता कळलं का, पाकीट फोडायच्या आधी मी पाणी का प्यायले?

मी कुणाला सांगितलं नव्हतं की तू येते आहेस. पण सोमवारी फोनसमोरच्या खुर्चीतला तो वर्तमानपत्रवाला माणूस घरी आला. मी वाचनालयात होते. आईने त्याला बसवलं, चहा केला, आणि किती वर्षांनी आमची थोरली येतेय हे तारखेसकट, गाडीसकट सांगितलं. तिला वाटलं तो तुझा कुणी जुना ओळखीचा. 'चांगला मुलगा आहे गं, सगळं लक्ष देऊन ऐकत होता,' मला म्हणाली.

मंगळवारी टाचणीसाहेब आले. म्हणाले, "ताई येतायत म्हणे. आम्ही स्टेशनवर घ्यायला जाऊ. फीत लाल आहे हे त्यांना इतक्या लांबून कसं कळलं, तेवढं विचारायचंय."

तू काय सांगशील त्यांना? काहीच माहीत नाही म्हणालीस तर खोटारडी ठरशील, आणि तुला बसवून ठेवतील. माहीत आहे म्हणालीस तर कुणाकडून, हे विचारतील. तुला मी ओळखते. तू चिडशील, आवाज चढवशील, आणि मऊ आवाजाच्या माणसांपुढे चढलेल्या आवाजाचं काय होतं ते मी दीड महिना बघते आहे. मी तुझं नाव दिलं तरी हेडमास्तरांना बोलावलंच, आणि त्यांनी असाच आवाज चढवला होता. आता ते वाचनालयात येत नाहीत, रस्त्यात दिसले तर पलीकडे जातात.

यांना हे काही माहीत नाही. तुझं नाव मी दिलं हे त्यांना आज सांगणार आहे. ते बाहेर अंगणात पंक्चर काढत बसलेत, मला खिडकीतून दिसतायत. तुझं नाव मागे घ्यायचं तर माझं सांगायला लागेल, आणि माझं सांगितलं की यांचं आलंच. दोघांतलं एक माणूस मला द्यायला लागणार आहे आणि मला ते जमत नाही.

तिकीट रद्द कर. शिव्या दे, पण येऊ नकोस.

धाकटी


२२ मार्च, रविवार सकाळ

ताई,

तुझं उत्तर आलेलं नाही. पत्र पोचलं नाही, की पोचलं म्हणूनच उत्तर नाही, कळायला मार्ग नाही. हे पत्र कालच्या पाहुण्या कवयित्री नेतायत. त्या दुपारच्या गाडीने तुझ्याच शहरात उतरतील आणि तुझ्या हातात देतील. हे वाचताना त्या समोर असतील तर त्यांना आधी काहीतरी खायला घाल. त्यांनाही काल दोन तास बसवलं होतं. 'मला वाटलं ती कविताच आहे' हे त्यांनी सात वेळा सांगितलं.

त्या गुरुवारी मी यांना सांगितलं. तुझं नाव, पत्ता, स्टेशन, सगळं. हे ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत होते. ट्यूब पूर्ण फिरवून बघितली. मग विचारलं, "ताईंची गाडी किती वाजता?"

"दोन वीसची."

"बरं," म्हणाले, आणि भोकावर खडूने खूण केली. मी वाट बघितली की ओरडतील. माझं चुकलं असं निदान म्हणतील. इतक्या वर्षांत कधी ओरडले नाहीत, पण त्या दिवशी ओरडले असते तर बरं झालं असतं. पुढचे आठ दिवस ते रोज दाढी करून ड्यूटीवर गेले आणि मी रोज ते परत येईपर्यंत दाराच्या आतल्या बाजूला बसून राहिले.

काल शनिवार. मी खुर्च्या लावायला साडेचारला माडीवर गेले. डबा हलवून बघितला, सवयीने. आत कागद होता. दोन महिन्यांत पहिला. घडी उघडायच्या आधीच मला कळलं, कारण चार कोपरे कोपऱ्यांना लावून अशी घडी घालणारा माणूस आमच्या गावात एकच आहे.

वर तारीख होती. खाली वहीत लिहितात तसं लिहिलेलं. वेळ चार दहा. पाण्याची पातळी. दरवाजे तीन. भोंगा वाजवला नाही. चावी खिळ्यावर. आदेश फोनवरून, मोठे साहेब. नोंद खोटी केली, मी केली. खाली पूर्ण नाव आणि सही.

खाली पाहुण्यांची रिक्षा आल्याचा आवाज आला. मी कागद काढून पदराखाली धरला.  एकच कागद डब्यात. पाहुण्या हात घालणार ते तोच काढणार, हे यांनी बरोबर ओळखलं होतं. तो नसला तर पाहुण्या डबा उपडा करतील, मी परीक्षांचं काहीतरी सांगेन, आणि हे रात्री घरी जेवायला असतील. आणि अठ्ठावीसला स्टेशनवर तू.

मी तो परत ठेवला. धीर होता म्हणून नाही ठेवला, तसं कुणाला सांगू नकोस. निनावी कागदांची राखण माझ्याकडे आहे. हा निनावी नव्हता. सही केलेल्या माणसाचं म्हणणं मी कशी काढून घेणार? पाहुण्या जिन्यात होत्या, आणि झाकण लावताना मला ते दोनदा लावावं लागलं.

माणसं तीस-पस्तीस असतील. टाचणीसाहेब शेवटच्या रांगेत, हात गुडघ्यांवर. हे नेहमीच्या तिसऱ्या रांगेत, ड्यूटीचा शर्ट घालून. पाहुण्यांनी कागद काढला, हसून म्हणाल्या, वा, एकच आहे म्हणजे निवडीचा प्रश्न मिटला. त्यांनी कवितेसारखाच वाचला, ताई. ओळीनंतर थांबत, श्वास घेत. 'भोंगा वाजवला नाही' याच्यानंतर तर इतक्या थांबल्या की मला वाटलं, आता पुढचं वाचतच नाहीत. नाव आलं तेव्हा त्या गोंधळल्या, पण वाचलं. सही आहे, म्हणाल्या.

मग मागून इस्त्रीवाल्या आजींचा आवाज आला. चांगल्या ओळीला दाद देताना लोक म्हणतात ना, तसंच, पण हळू. "पुन्हा."

टाचणीसाहेब उठून उभे राहिले. म्हणाले, "पुरे, बाई."

पलीकडून कुणीतरी म्हणालं, "पुन्हा." मग आणखी दोघं-तिघं. हेडमास्तर म्हणाले, ते आले होते हे मला तेव्हाच दिसलं. पाहुण्यांनी कागद खाली घेतला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करणार होते? मी मान डोलावली. त्यांनी पहिल्या अक्षरापासून पुन्हा वाचलं, आणि दुसऱ्यांदा नाव आलं तेव्हा हे उभे राहिले. शाळेत हजेरीला मुलं राहतात तसे.

त्यांना काल संध्याकाळी नेलं. टाचणीसाहेब जिन्यात मला म्हणाले, "तुमच्या ताईंना उगाच त्रास होणार होता." म्हणजे तुझं नाव सुटलं. तेवढं मी त्यांच्या तोंडून ऐकलं आहे. माझं सुटलेलं नाही. खोटी माहिती दिली म्हणून उद्या दहा वाजता मलाही बोलावलंय. बरोबर काय आणू विचारलं, तर म्हणाले, एक जादा कपड्यांचा जोड असू द्या.

मला भीती वाटते, ताई. सगळ्या गावाने ऐकलंय, आता काही करता येणार नाही त्यांना, असं हेडमास्तर म्हणतात. ते दिवसा म्हणतात. मी काल रात्रभर यांच्या बुटांकडे बघत होते. चपला घालून गेलेत, बूट इथेच राहिले.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. जावई कुठे विचारलं, मी ड्यूटी म्हटलं. ती म्हणाली, 'थोरली कधी येतेय?'

तुला मी तीनदा येऊ नकोस म्हटलं, आणि त्याच्याही आधी तुला विकलं होतं. तुझा राग रास्त आहे, तो बरोबर घेऊनच ये, वाटेत टाकू नकोस. पण ऐक. सकाळी उठल्या उठल्या पांढरी गोळी, जेवणानंतर पिवळी. अंघोळीला स्टूल ठेव आणि डावा हात धर, उजवा दुखतो. रात्री ती हाक मारते तेव्हा तिला काही नको असतं, फक्त 'आहे गं' म्हणायचं. शेजारच्या शिंपीणबाई उद्या आणि परवा थांबतील. बुधवारी त्यांना लेकीकडे बाळंतपणाला जायचंय. बुधवारपासून घरात आई एकटी असेल.

तिकीट बदलून घे, ताई. अठ्ठावीस फार लांब आहे.

धाकटी